त्रेचाळीस कोऱ्या जागा

१

पत्र्याच्या काळ्या ट्रंकेत अडुसष्ट पाकिटं होती. एकोणीस टपालानं आलेली. त्यांवर जम्मू, जोधपूर, तेजपूरचे शिक्के, म्हणजे लष्करात असलेल्या सभासदांची. उरलेली एकोणपन्नास पथकांनी घरोघरी जाऊन आणलेली. ऐंशीच्या पुढच्यांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची. प्रत्येक पाकिटात दोन गोष्टी असायला हव्या होत्या आणि दोन्ही होत्या: मतपत्रिकेचं चिकटवलेलं आतलं पाकीट, आणि ‘हे मत मी स्वतः दिलं आहे’ असं लिहिलेलं एका पानाचं घोषणापत्र. घोषणापत्रं अडुसष्ट. त्यांतल्या त्रेचाळीस घोषणापत्रांवर सहीची जागा कोरी होती.

एरवी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आणि घरोघरी मतं आणायच्या पथकात असलेल्या अवंतिका मगदूमनं ती परत मोजली. त्रेचाळीसच.

कळंब्याच्या रस्त्यावरच्या पंचशिखर दूध संघात आज संचालक मंडळाच्या निवडणुकीची मतमोजणी होती. सभागृहात मतदान केंद्रांच्या पेट्या फुटत होत्या. शेजारच्या खोलीत टपाली मतांचं टेबल होतं. संघाच्या इतिहासात टपाली मतदान यंदा पहिल्यांदाच होत होतं, आणि तेही सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडाल्यावर मंजूर झालेलं.

“सही नाही, तर मत बाद,” निवडणूक अधिकारी दत्तप्रसाद आजगेकर म्हणाले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, संघाशी काही देणंघेणं नसलेला हा माणूस. नियमाच्या बाहेर पाऊल टाकत नाही म्हणूनच त्यांना बोलावलं होतं.

“म्हातारी माणसं,” संघाचे सचिव विश्वजित सासने हळहळत म्हणाले. “विसरली असतील बिचारी.”

“त्रेचाळीस जण?” अवंतिकानं विचारलं. “सगळी एकदम विसरली?”

“बाई, विसरली न्हाईत. त्यांनी केलेलीच न्हाईत,” मागून आवाज आला. विद्यमान उपाध्यक्ष आणि सत्ताधारी पॅनेलचा उमेदवार धैर्यशील इंगवले खुर्ची ओढून बसला होता. “पथकाचा शिक्का हाय, सही न्हाय. म्हंजे पथकानं घरी बसून कागद भरलेत. आन् पथकात कोण हुतं? तुम्हीच हुता की! साहेब, मोहोर पण बघा कशी पाघळलीया. इतिवृत्तात लिवा. पाकिटातली लोकशाही आपल्याला परवडत न्हाय. फुडल्या सभेत हे खूळ बंद.”

ट्रंकेभोवती शिवलेल्या कापडावरची लाखेची मोहोर खरोखरच एका अंगाला ओघळली होती. आजगेकरांनी शिवण पुन्हा निरखली. “दोरा तोच आहे. गाठ माझीच आहे. आज आपण कापड कापेपर्यंत ट्रंक उघडलेली नाही.” मग ते अवंतिकाकडे वळले. “तुम्ही स्वतः संशयित आहात, लक्षात आहे ना?”

“आहे सर.”

“केंद्रांची मोजणी संपेपर्यंत मी टपाली मतांचा निर्णय देणार नाही. त्यानंतर थांबणार नाही.”

अवंतिकानं सगळ्यात वरचं घोषणापत्र पुढ्यात घेतलं. रत्नव्वा वीरभद्र चौगुले, शिरोळ तालुका. तीन दिवसांपूर्वी या कोऱ्या जागेवर सही उमटताना तिनं स्वतः बघितली होती.

२

“अव्वा, मी अवंतिका. मत घ्यायला आलतो बघा.”

“व्हय की. चा न पिता गेलीस,” फोनवर रत्नव्वांचा आवाज घणघणला. कंबरेखाली पाय गेलेत, आवाजाला काही झालेलं नाही.

अवंतिकानं फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “अव्वा, तुमच्या कागदावर सही दिसत नाही.”



“यव्वा! दिसत न्हाय म्हंजे? मी सही केलो की! तू हुतीस. त्यो पोरगा अंगठ्याची शाई घिऊन फुडं आला, त्याला मी काय म्हनलो?”

“‘उचल ती डबी’ म्हणालात.”

“साठ वर्सं अंगठाच लावलो मी. नवरा गेल्यावर म्हशी माझ्या नावावर झाल्या, तवा संघाच्या कारकुनानं सगळ्यांम्होरं हात धरून अंगठा दाबला, जनू म्हशीलाच डाग देतोय. त्या दिवशी ठरवलो. नातीकडनं शिकलो. सहा म्हयनं पाटीवर गिरवलो. आन् आता दिसत न्हाय म्हंतीस?” आवाज आणखी चढला. “शेजारी कोण बसलंय तुज्या? त्यास्नी सांग, मी लिवलेलं कुनी पुसलं त्येवढं बगा!”

फोन बंद झाला. धैर्यशील हसला. “म्हातारी लई तिखट हाय. पन कागद कोराच.”

त्या दिवशी रत्नव्वांना तीन अक्षरं काढायला किती वेळ लागला, ते अवंतिकानं बघितलं होतं. ‘व्वा’ला हात थांबला, पेन टेकलेलं राहिलं, कपाळावर घाम आला. शेजारी बसलेल्या नातीनं ओठ मिटून धरले होते, मदत करायची नाही म्हणून. आणि इथं एक माणूस हळहळत होता, दुसरा हसत होता, आणि दोघांना वाटत होतं की अंथरुणावरची माणसं कसंही खपवून घेतील.

चिडून डोकं चालत नाही, हे तिला प्रयोगशाळेनं शिकवलं होतं. तिनं कागद दोन ढिगांत लावले. कोरे एका बाजूला, सही असलेले दुसऱ्या बाजूला.

सैनिकांच्या एकोणीसही घोषणापत्रांवर सह्या होत्या. घरोघरी जाऊन आणलेल्यांतली फक्त सहा शाबूत होती. त्यातल्या पाचांवर अंगठे. सहाव्यावर जयसिंगपूरच्या नृसिंह मास्तरांची लफ्फेदार निळी सही. मास्तरांनी पथकाचं पेन हातातही धरलं नव्हतं. “असल्या काड्यांनी मी लिहीत नसतो,” म्हणत त्यांनी उशाखालून स्वतःचं शाईचं पेन काढलं होतं.

अवंतिकानं पर्स उघडली. घरोघरी फिरताना दिलेलं संघाचं पांढरं पेन अजून आत होतं.

३

कँटीनचा चहा आला तेव्हा तिनं कोऱ्या कागदावर त्या पेननं आपलं नाव लिहिलं आणि वाफाळता स्टीलचा पेला बरोबर त्या नावावर ठेवला.

“कागदाची नासाडी करू नका,” सासने म्हणाले.

“एक मिनिट, साहेब.”

पेला उचलला. कागदावर ओलसर गोल उमटला होता. नाव नव्हतं.

आजगेकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हे काय?”

“शाळेतल्या मुलांकडं असतात सर, खोडता येणारी पेनं. मुलं घासून खोडतात. खोडतं ते घासण्यानं नाही, घासून झालेल्या उष्णतेनं. साठ-पासष्ट अंशांवर या शाईचा रंग जातो. इथं तसली कांडी संघाच्या पेनात घातली आहे. पेन ओळखीचं, म्हणून आम्हाला शंका आली नाही.”

“आणि मतपत्रिका?”

“त्यांवर रबरी शिक्का मारायचा होता. त्याला काही होणार नाही. उडाली ती सही, आणि सही उडाली की मत बाद.”

“पन ह्ये ट्रंकेत आपोआप तापलं व्हय?” धैर्यशील म्हणाला. “जानेवारी हाय बाई. सकाळी कानाला रुमाल बांधून आलोय मी.”

“तेच म्हणतेय मी. जानेवारीत लाख पाघळत नाही.” तिनं मोहोरेवर बोट ठेवलं. “ट्रंक कुणी उघडली नाही. ट्रंक कुणीतरी तापवली.”

सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या. आणखी एका केंद्राची मोजणी संपली होती.

“पेनं कुणी वाटली?” आजगेकरांनी विचारलं.

“माझ्याच कार्यालयातून गेली,” सासने लगेच म्हणाले. “पण खोकं बाहेरच्या टेबलावर उघडं पडलेलं असतं. दिवसभर शंभर माणसं ये-जा करतात, साहेब. कुणीही बदलली असतील.”

ते खरंच होतं. अवंतिकानं कोऱ्या घोषणापत्रांतला एक कागद नाकाशी नेला. ट्रंक उघडल्यापासून तिला काहीतरी खटकत होतं. आता लक्षात आलं. कागदाला कढवलेल्या तुपाचा वास येत होता.

दारात संघाचा सुरक्षा प्रमुख अमरसिंह उभा होता. तिनं कागद त्याच्यापुढं धरला. “कसला वास येतो?”

त्यानं दोनदा हुंगलं. “कसला न्हाय ओ. कागदाचा.”

“तुपाचा येत नाही?”

“तूप?” तो हसला. “पंधरा वर्सं हितं हाय. आमाला तुपाचा वास येत असता तर जेवान गेलं असतं व्हय?”

४

तूप विभागात शिरण्याआधीच तिथला आवाज कानावर आला.

“दोनशे डबं! दोनशे! आता ह्ये कुनाच्या गळ्यात घालू? दिवाळीला लोक आमच्या तुपासाठी रांगा लावत्यात, आन् ह्ये काय हाय? मेन हाय मेन!”

विभागप्रमुख वीरेश पट्टणशेट्टी डबा उघडून मदतनिसांवर बरसत होता. अवंतिकाला बघून तो थांबला नाही, फक्त तोंड तिच्याकडं वळवलं. “या पावणं! तुमीबी बगा. बोट घाला. घाला की! लागतोय का रवा?”

तिनं चिमूट घेतली. तूप लोण्यासारखं गुळगुळीत होतं.

“रवा कसा धरतो?”

“त्येच तर! डबं भरायचं, त्या खोलीत ठिवायचं, हीटर एकोनतीस अंशावर. मग हात लावायचा न्हाय. तूप हळूहळू थंड झालं की दाना धरतो. एकदा का परत वितळलं आन् भसकन थंड झालं, की संपलं. शुक्रवारचा आख्खा घाना गेला माजा. मी खोलीला कुलूप घालून घरी गेलतो. शनवारी सकाळी आलो तर सचिव साहेबांचा फोन. हीटर बिघडलाय, मेकॅनिक येईस्तवर खोली उघडू नका. बरं म्हनलो. दुपारी मेकॅनिक आला, म्हनतोय हीटर ठनठनीत हाय! मग माझं तूप काय भुतानं वितळवलं?”

“खोलीची चावी कुणाकडं असते?”

“एक माज्याकडं, एक हापिसातल्या फळीवर.”

अवंतिकानं ती खोली बघितली. लोखंडी मांडण्या, भिंतीला दोन मोठे पंखे, कोपऱ्यात मोठा हीटर. त्याची चकती एकोणतीसवर होती, आणि ऐंशीपर्यंत फिरत होती. खोलीचं दार अरुंद बोळात उघडत होतं. बोळात समोर आणखी एक दार होतं, जुनं, हिरवा रंग उडालेलं.

“हे कुठलं?”

“दप्तरखान्याचं मागचं दार.” वीरेशनं हात पुसले. “आतनं कपाट लावलंय त्येला. वापरत न्हाईत.”

तीन दिवस ट्रंक दप्तरखान्यातच होती. आजगेकरांनी पुढच्या दाराला स्वतःची मोहोर लावली होती. मागं दुसरं दार आहे, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

तिनं दार ढकललं. ते आवाज न करता उघडलं. बिजागऱ्यांना ताजं तेल होतं आणि आतलं कपाट बाजूला सरकवलेलं होतं.

५

“मला सांगितलं नाही!” आजगेकर पहिल्यांदाच ओरडले. “कुलूप मोहोरबंद करताना तुम्ही तिघं माझ्या शेजारी उभे होता. सासने, पट्टणशेट्टी, अमरसिंह. एकालाही तोंड नव्हतं?”

“मला वाटलं कपाट हाय म्हंजे दार न्हायच,” अमरसिंह पुटपुटला.

“मी तुपाचा मानूस,” वीरेश म्हणाला. “मोहोर-बिहोर मला काय कळतंय?”

सासने टेबलावरचे कागद सरळ करू लागले.

सभागृहात शेवटची पेटी फुटली होती. धैर्यशीलच्या पॅनेलचे लोक दारात गर्दी करून उभे होते. धैर्यशील घड्याळाकडं बघत म्हणाला, “साहेब, दार हाय, मान्य. तूप बिघडलं, मान्य. पन सह्या न्हाईत ह्येबी मान्य करा. कुनी केलं ते पोलीस बगतील. आज मतं बाद.”

“कुणी केलं ते आत्ताच बघू,” अवंतिका म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. “मागचं दार माहीत असलेली माणसं तीन. अमरसिंह, तुम्ही कुठल्या गावचे?”

“वारणेकडचा. घरी आठ म्हशी हायत.”

“घरी तूप करता?”

“आई करती. वितळलेला डबा हलवला तरी शिव्या घालती.”

“म्हणजे रवा धरायला ठेवलेले दोनशे डबे तापले तर काय होईल, हे तुम्हाला माहीत आहे. वीरेशभाऊंना तर आहेच. या दोघांपैकी कुणी ट्रंक तापवली असती तर आधी डबे बाहेर काढले असते. निदान नंतर पंखे लावून खोली गार केली नसती. तूप बिघडलं, ते भसकन गार झाल्यामुळं. ज्यानं हे केलं त्याला तुपातलं काही कळत नाही. त्याला वाटलं, वितळलं तर पुन्हा गोठेल.”

“हापिसात असली लई माणसं हायत,” कुणीतरी म्हणालं.

“आहेत. पण फोन एकाचाच आला.” ती सासनेंकडं वळली. “साहेब, शुक्रवारी वीरेशभाऊ खोलीला कुलूप घालून गेले. शनिवारी त्यांनी खोली उघडायच्या आत तुम्ही फोन केला, की हीटर बिघडलाय. बंद खोलीतला हीटर बिघडला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मेकॅनिकनं.”

“मेकॅनिकला तुम्ही बोलावलंत. बोलवायच्या आधी कुणी सांगितलं?”

सासनेंनी ओठांवरून जीभ फिरवली. “आमचे शिपाई...”

“शिपायाचं नाव सांगा. इथंच बोलावू.”

वीरेश एकदम उठला. खुर्ची मागं पडली. “म्हंजे त्यो फोन... खोली गार व्हायला वेळ पायजे म्हनून? साहेब, माझं दोनशे डबं!”

“तुझे डबे गेले रे!” अवंतिका त्याच्यावरही उखडली. “रत्नव्वांनी सहा महिने पाटीवर अक्षरं गिरवली. त्यांचं काय गेलं ते विचार की यांना!”

सासनेंची नजर कागदांवरून उठून धैर्यशीलवर गेली आणि तिथंच राहिली.

“माझ्याकडं काय बगताय?” धैर्यशील म्हणाला. “मला ह्यातलं काय म्हाईत न्हाय. तुमचं तुमी निस्तरा.”

सासनेंच्या चेहऱ्यावरची हळहळ पुसून गेली. “माहीत नाही? पेनांचं खोकं गाडीतून तुम्हीच काढून दिलंत की, दादा. म्हणालात, गेल्या वेळी दोन मतांनी वाचलो, या पाकिटांनी मी मरणार. एकदा घोळ झाला की ही भानगड कायमची बंद होईल. आणि आता माहीत नाही?”

दारातली गर्दी दोन पावलं मागं सरली.

आजगेकरांनी अमरसिंहला दोघांजवळ उभं केलं आणि पोलिसांना फोन लावला. मग ते खुर्चीत बसले. एकाएकी थकल्यासारखे दिसले.

“गुन्हा कळला,” ते म्हणाले. “पण मगदूम, माझ्यापुढं कागद कोराच आहे. पाकीट बंद करताना सही होती, असं तुम्ही म्हणता. मला ती दिसली पाहिजे. नियमात तेवढंच आहे आणि तेवढं मी सोडणार नाही.”

“दिसेल सर,” अवंतिका म्हणाली. “गेलेला रंग परत येतो. तेवढी थंडी मिळाली पाहिजे. घरच्या फ्रीजनं भागणार नाही.”

वीरेशनं तिच्याकडं बघितलं, मग आजगेकरांकडं. “थंडीच पायजे ना? लोण्याच्या कोठारात चला.”

६

कोठारात लोण्याची खोकी छतापर्यंत रचलेली होती. आजगेकरांनी कामगाराचा जाड कोट अंगावर घेतला होता. तो त्यांना गुडघ्यापर्यंत येत होता. दोन्ही पॅनेलचे प्रतिनिधी हजर होते. आतली मतपाकिटं बाहेर टेबलावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, बंदच होती. त्रेचाळीस घोषणापत्रं दव लागू नये म्हणून एकेका प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टीलच्या तबकांवर पसरली होती.

“किती वेळ?” आजगेकरांनी विचारलं. बोलताना तोंडातून वाफ येत होती.

“माहीत नाही सर. मी हे कागदाच्या एका तुकड्यावर केलंय. इतक्यांवर कधी नाही.”

विरोधी पॅनेलचा प्रतिनिधी हात काखेत घालून जागच्या जागी उड्या मारत होता. सत्ताधाऱ्यांचा प्रतिनिधी तबकांकडं बघायचं टाळत होता. अवंतिका एका तबकापुढं वाकली होती. बोटं बधिर झाली होती, पण तिनं ती खिशात घातली नाहीत. कागद कोरा होता. अजूनही कोराच होता. तिला वाटलं, शाई वेगळी निघाली तर? या कांडीचा रंग परतणारा नसेल तर? मग आपण आता बाहेर जाऊन त्या बाईला फोनवर काय सांगणार आहोत?

“ओ,” वीरेश म्हणाला. “ह्ये बगा.”

कडेच्या एका कागदावर राखाडी सावली दिसत होती. पेन टेकवून थांबल्यावर पडतो तसा एक ठिपका. मग ठिपक्यातून निघालेली रेघ. मग शेजारच्या कागदावर दुसरी, तिसऱ्यावर आणखी एक.

“कोणाचा आहे तो?” आजगेकर वाकले.

अवंतिकानं नाव वाचलं नाही. तो ठिपका कुठल्या अक्षरावर पडला होता, ते तिला माहीत होतं. ती बाजूला झाली आणि आजगेकरांना पुढं येऊ दिलं.

त्यांनी छापलेलं नाव वाचलं, खालची सही वाचली, पुन्हा छापलेलं नाव वाचलं. मग कोटाच्या बाहीतून हात काढून पेन मागितलं. वीरेशनं पुढं केलेलं संघाचं पांढरं पेन त्यांनी परत केलं, आणि सत्ताधारी पॅनेलच्या प्रतिनिधीच्या खिशातलं घेतलं. दोन्ही प्रतिनिधींच्या समोर त्यांनी एकेक तबक तपासलं आणि उभ्याउभ्याच लिहून घेतलं.

कोठाराचं तापमान उणे एकवीस अंश सेल्सियस. तपासलेली घोषणापत्रं त्रेचाळीस. सही स्पष्ट दिसणारी एकेचाळीस. न दिसणारी दोन. वैध टपाली मतं एकूण सहासष्ट.